ढेकणांचा हिशेब

आमच्या घरी दूध, इस्त्रीचे कपडे आणि गॅसचे सिलिंडर यांची नोंद एका लांबट वहीत होते. त्या वहीची मागच्या बाजूने सुरू केलेली सहा पाने मात्र २०२५ च्या जून ते ऑक्टोबर या काळातील ढेकणांची आहेत. तारीख, जागा, किती सापडले, मोठे की पिल्ले, आणि त्यावर काय केले, असे पाच रकाने मी पट्टीने आखले होते. बत्तीस वर्षे बँकेत हिशेब तपासण्यात गेल्यामुळे, संकट आले की आधी रकाने आखायचे, ही सवय मला लागली असावी. यजमानांनी त्या पानांची पुष्कळ चेष्टा केली. परंतु शेवटी आम्ही या किड्यापासून सुटलो ते औषधाइतकेच त्या तक्त्यामुळे सुटलो, असे माझे मत आहे.

डोंबिवलीतील आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये यजमान, सासूबाई आणि मी असे तिघे राहतो. मुलगा पुण्याला वसतिगृहात असतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षा संपल्यावर खोली रिकामी करून तो एक लोखंडी ट्रंक, दोन बॅगा आणि सुतळीने बांधलेली कापसाची गादी घेऊन घरी आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दंडावर आणि मानेवर गांधी उठू लागल्या. त्या इतस्ततः नव्हत्या, तर एका ओळीत तीन किंवा चार, जणू कोणी बोट मोजून टेकवले आहे, अशा होत्या. त्याच पलंगावर झोपणाऱ्या यजमानांच्या अंगावर मात्र काहीही नव्हते, म्हणून त्यांनी हे उष्णतेचे आहे असा निकाल दिला. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिले आणि वांगी व कोळंबी बंद करायला सांगितली. मी दोन आठवडे निमूटपणे वांगी खाल्ली नाहीत.

ढेकूण रक्त शोषण्यापूर्वी जी लाळ टोचतो, तिच्यामुळे चावा त्या क्षणी जाणवत नाही. नंतर उठणारी गांध ही आपल्या त्वचेची त्या लाळेवरची प्रतिक्रिया असते. ती कोणाच्या अंगावर काही तासांत दिसते, कोणाच्या अंगावर काही दिवसांनी, आणि काही माणसांच्या अंगावर कधीच दिसत नाही. त्यामुळे ज्याच्या अंगावर खूण नाही त्याला ढेकूण चावत नाही, असा अर्थ होत नाही. यजमान जून महिनाभर माझ्याइतकेच रक्त देत होते, फक्त त्यांना पावती मिळत नव्हती.

निदान केले ते सासूबाईंनी. १७ जूनला दुपारी त्यांनी माझी मान पाहिली, काही न बोलता आमच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, “अगं, गादी उलटी कर बघू.” गादीच्या कडेने जो जाड गोट शिवलेला असतो, त्याच्या खालून त्यांनी अंगठ्याचे नख हळूहळू फिरवत नेले. कोपऱ्यापाशी त्यांचे नख थांबले. तेथे बारीक टोकाच्या पेनाने ठिपके द्यावेत तसे काळे ठिपके होते. ओला कापूस त्यांच्यावर घासला तेव्हा तो तांबूस तपकिरी झाला, कारण ते ठिपके म्हणजे ढेकणांनी पचवून टाकलेले रक्त असते. ठिपक्यांच्या बाजूला कांद्याच्या सालीसारख्या पातळ, पोकळ काती होत्या आणि शिवणीच्या आत खसखशीच्या दाण्याएवढी, पांढरट, चिकटवलेली अंडी होती. त्यांच्यामागून मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तांबूस ढेकूण सावकाश बाहेर आला. सासूबाईंनी तो बोटाखाली चिरडला आणि ते बोट माझ्या नाकापुढे धरले. तो उग्र, कोवट, किंचित कोथिंबिरीसारखा वास मी पुढे दोन महिने विसरू शकले नाही. कोथिंबिरीचे इंग्रजी नाव ढेकणाच्या ग्रीक नावावरून आले असावे, असे म्हणतात. तेव्हापासून मी पोह्यांवर कोथिंबीर जरा हात राखूनच घालते.

त्या दिवशी नऊ सापडले. वहीतील पहिली नोंद तीच आहे.

ढेकणाला पंख नसतात आणि त्याला उडी मारता येत नाही. तो फक्त चालतो. दिवसा तो पासबुकाच्या पुठ्ठ्याएवढ्या फटीतही शिरून बसतो आणि रात्री आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड व अंगाची ऊब यांच्या मागाने येतो, पाच-दहा मिनिटांत पोट भरतो आणि परत फटीत जातो. झोपणाऱ्या माणसापासून फार लांब राहण्याची त्याला हौस नसते, म्हणून बहुतेक वस्ती पलंगात आणि त्याच्या आसपासच असते. जगभर माणसाच्या घरात राहणाऱ्या त्याच्या दोन जाती आहेत, सायमेक्स लेक्च्युलेरियस आणि सायमेक्स हेमिप्टेरस. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत दुसरी अधिक आढळते. ढेकूण माणसामाणसांत रोग पसरवतात असे आजवर सिद्ध झालेले नाही, ही यातली एकच दिलासा देणारी गोष्ट. झोप मात्र ते पार घालवतात. मला तर पुढे पुढे पंख्याच्या वाऱ्याने हललेला केसही चावल्यासारखा वाटू लागला होता.

पुढचे बारा दिवस आम्ही ज्या चुका केल्या, त्यांची नोंदही वहीत आहे. पहिली चूक म्हणजे डास मारण्याचा फवारा. दोन दिवसांत दोन डबे संपवले. समोर दिसणारे थोडे मेले, बाकीचे भिंतीकडे आणि शेजारच्या खोलीकडे सरकले. डासांच्या या फवाऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातील औषधे असतात आणि जगभरच्या ढेकणांनी या औषधांना दाद न देण्याची क्षमता कमावलेली आहे. या प्रकाराची सुरुवात जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने ढेकूण संपले असे वाटत असतानाच, १९४७ साली हवाई बेटांवर पर्ल हार्बर येथे डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले होते. पायरेथ्रॉइड औषधे किड्याच्या मज्जातंतूवर जेथे घाव घालतात, डीडीटीचा घावही तेथेच बसतो, त्यामुळे एकाला निर्ढावलेला किडा दुसऱ्यालाही पुष्कळदा पुरून उरतो.

दुसरी चूक झोपण्याची जागा बदलण्याची. मी मुलाला हॉलमध्ये सोफ्यावर झोपायला सांगितले आणि आम्ही दोघे सतरंजी टाकून खाली झोपू लागलो. ढेकूण उपाशी राहून कंटाळतील, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात पूर्ण वाढलेला ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतो, आणि थंड हवेत तर वर्षभरही. तो उपाशी बसून मरत नाही, चालत निघतो. २६ जूनला सोफ्याच्या हाताखाली चार सापडले. जागा बदलून आम्ही त्यांना घर दाखवले, एवढेच.

तिसरी गोष्ट चूक नव्हती, केवळ दुर्दैव होते. सासूबाईंचा सारा भरवसा उन्हावर होता, आणि २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत येऊन धडकला होता. गच्चीवर गादी टाकावी असे ऊन जूनमध्ये मिळालेच नाही. तसे पाहिले तर नुसत्या उन्हाने गादीतले ढेकूण मरतात हा समजही अर्धाच खरा आहे. वरची बाजू तापली की ते खालच्या थंड बाजूला सरकतात, कारण पळण्याइतका वेळ त्यांना मिळतो. ढेकूण मरतो तो सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमान त्याच्यापर्यंत पोहोचले आणि टिकले तर, आणि अंडी त्याहूनही चिवट असतात. कपडे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मे महिन्याच्या कडक उन्हात दिवसभर ठेवले तर आत तेवढे तापमान होऊ शकते, परंतु सहा इंच जाडीच्या गादीच्या पोटात ते सहसा होत नाही.

चौथी चूक सांगायला मला लाज वाटते. मुलाची वसतिगृहातून आलेली गादी हेच सगळ्याचे मूळ, असे आम्ही ठरवून टाकले होते. २९ जूनच्या रात्री अकरा वाजता, सोसायटीतील कोणी पाहू नये म्हणून, यजमानांनी आणि मुलाने ती गादी खाली नेऊन कचऱ्याच्या कोपऱ्यात ठेवली. सकाळी सात वाजता ती तेथे नव्हती. कचऱ्याची गाडी साडेनऊला येते. कोणीतरी ती उचलून नेली होती हे उघड होते, आणि तरीही मी कोणाला काही विचारले नाही. टाकायची गादी आधी फाडावी, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘ढेकूण आहेत’ असे लिहावे आणि ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून मगच खाली न्यावी, हे शहाणपण मला नंतर सुचले.

४ जुलैला आम्ही औषध मारणारे बोलावले. दोन तरुण पाठीवर टाक्या घेऊन आले, पाऊण तासात पलंग, सोफा आणि भिंतींच्या कडा फवारून गेले. जाताना त्यांनी पंधरा दिवसांनी पुन्हा येऊ असे सांगितले. चार तास घर बंद ठेवून आम्ही परतलो. त्यानंतर रोज रात्री मी विजेरी घेऊन गादीचा गोट तपासत असे आणि रोज वहीत शून्य लिहीत असे. आठ दिवस शून्य आल्यावर मला वाटले की जिंकलो. १३ जुलैला मीच फोन करून दुसऱ्या फेरीची गरज नाही असे कळवले. मुलगाही त्याच दिवशी पुण्याला परतला. १६ जुलैला रात्री दोन वाजता उशीच्या अभ्र्यावर मला तिळाहून लहान, जवळजवळ पारदर्शक असे काहीतरी चालताना दिसले. त्याच्या पोटात लाल ठिपका होता. ते रक्त माझे होते. त्या रात्री तशी सहा सापडली.

येथे वहीचा उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी मी ढेकणाच्या आयुष्याचे आकडे शोधून आमच्या तारखांच्या शेजारी मांडले. मादी रोज एक ते पाच अंडी घालते आणि आयुष्यात दोनशे ते पाचशे. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला साधारण सहा ते दहा दिवस लागतात. पिल्लू पाच वेळा कात टाकते, प्रत्येक वेळी आधी त्याला रक्त लागते, आणि उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला सुमारे पाच ते सात आठवडे जातात. फवाऱ्याच्या औषधांनी अंडी सहसा मरत नाहीत. म्हणजे ४ जुलैला मोठे ढेकूण मेले, अंडी तशीच राहिली, ती १४ जुलैपर्यंत फुटली, आणि भुकेली पिल्ले १६ तारखेला माझ्या उशीवर आली. मी ज्याला विजय समजत होते ते केवळ अंडी उबण्याचे दिवस होते. यावरून हेही उघड झाले की पहिल्या घावानंतर दहा दिवसांच्या आत दुसरा घाव घातला तर काही अंडी शिल्लक राहतात, आणि पाच आठवडे थांबलो तर पिल्ले मोठी होऊन नवी अंडी घालतात. दुसरी फेरी या दोन टोकांच्या मध्येच बसवावी लागते. दोन आठवडे हे अंतर त्यामुळे योग्य ठरते, आणि नेमकी तीच फेरी मी रद्द केली होती.

आता सासूबाईंचे ऐकायचे मी ठरवले. लग्न होऊन १९६८ साली त्या गिरगावातील चाळीत आल्या आणि बारा वर्षे तेथे राहिल्या. त्या काळी चाळीत ढेकूण असणे हे पावसात छत गळण्याइतके सामान्य होते. रविवारी सकाळी प्रत्येक बिऱ्हाडाच्या खाटा गॅलरीत येत, चुलीवर पातेली चढत, आणि खाटेच्या सांध्यांत, नवारीच्या गाठींत कढत पाणी ओतले जाई. पोरांना टाचण्या देऊन फटी कोरायला बसवत. काही घरांत खाटेचे पाय घासलेट भरलेल्या डब्यांत ठेवलेले असत. मी विचारले, “पण लोक काय म्हणायचे?” त्या म्हणाल्या, “लोक काय म्हणणार? लोकही तेच करत होते. आणि लपवायचे म्हटले तरी लपवणार कुठे, मधली भिंत एकच होती.”

ते वाक्य ऐकून मी आमच्या खोलीत जाऊन उभी राहिले. आमच्या पलंगाची उशाकडची बाजू ज्या भिंतीला टेकते, त्याच भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांची झोपण्याची खोली आहे. उशाजवळच्या स्विचबोर्डाच्या फळीखाली मला ते काळे ठिपके दिसले. वायरिंगच्या नळ्यांतून, पाइपांच्या भोकांतून ढेकूण एका घरातून दुसऱ्या घरात जातात हे मी वाचले होते, पण ते शेजाऱ्यांना सांगायचे म्हणजे आधी आपल्याकडे आहेत हे कबूल करायचे. ढेकणांचा आणि अस्वच्छतेचा संबंध नाही, त्यांना कचरा नको असतो, आपले रक्त हवे असते, हे मला ठाऊक होते. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिससारख्या शहरात ढेकणांनी हाहाकार उडवला होता, हेही ठाऊक होते. तरी २० जुलैच्या रविवारी शेजारच्या वहिनींच्या दारावरची घंटा वाजवायला मला चहाचे दोन कप लागले.

मी बोलायला सुरुवात केली आणि त्यांनी मला वाक्य पुरे करू दिले नाही. “अहो, आमच्याकडे मार्चपासून आहेत,” त्या म्हणाल्या, “मी म्हटले तुम्हाला सांगितले तर तुम्हाला काय वाटेल. आम्ही तीनदा औषध मारून घेतले, पुन्हा येतात.”

मार्च. आमचा मुलगा आला होता मे महिन्यात. ढेकूण त्यांच्याकडून आमच्याकडे आले, की मुलाच्या सामानातून स्वतंत्रपणे आले, हे आता कळण्याचा मार्ग नाही. मुलाला फोनवर सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आई, म्हणजे माझी गादी उगाचच गेली.” एवढे मात्र स्पष्ट झाले की शेजारी औषध मारत तेव्हा ढेकूण आमच्याकडे येत, आणि आम्ही मारत तेव्हा त्यांच्याकडे जात. दोन्ही घरे आळीपाळीने पैसे भरून एकमेकांना ढेकूण पोहोचवत होती.

२७ जुलैच्या रविवारी दोन्ही घरांत एकाच दिवशी काम काढले. औषधवाले दुपारी यायचे होते, पण खरे काम सकाळी सहापासून आम्हीच केले. आमचा पलंग खाली सामान ठेवण्याचा बॉक्स असलेला, प्लायवूडचा आणि वर सनमायका लावलेला आहे. ढेकणांच्या सोयीसाठी मुद्दाम बनवल्यासारखीच ही वस्तू आहे. यजमानांनी स्क्रूड्रायव्हरने तो पूर्ण सुटा केला. प्रत्येक स्क्रूच्या भोकात, बिजागरीच्या मागे आणि जेथे सनमायकाची पट्टी थोडी उचलली होती तिच्या खाली वस्ती होती. मी खाली पांढरी चादर अंथरली होती. त्यावर पडले ते मोजले, एकेचाळीस. अंड्यांची मोजणी मी सोडून दिली. कपड्यांना वाफ देण्याचे यंत्र वहिनींकडे होते. त्याचे तोंड फटीला जवळजवळ टेकवून, एका वितीला दहा-बारा सेकंद लागतील इतक्या सावकाश ते फिरवायचे, हे आम्ही अनुभवाने शिकलो. घाईने फिरवले तर वाफेच्या झोताने ढेकूण उडून पलीकडे पडतात आणि जिवंत राहतात. वाफेने अंडीही मरतात, म्हणून मला ती कोणत्याही औषधापेक्षा विश्वासाची वाटते. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी सासूबाईंचे कढत पाणी लोखंडी आणि सागवानी पलंगाला अवश्य वापरावे. प्लायवूड मात्र त्याने फुगते.

चादरी, अभ्रे, पडदे आणि गोधड्या धुण्याच्या यंत्रात ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतल्या आणि पावसामुळे वाळायला तीन दिवस लागत असल्याने शिवणींवर जोर देऊन घरीच कडक इस्त्री केली. इस्त्रीवाल्याकडे ते कपडे पाठवणे मला प्रशस्त वाटले नाही. सासूबाईंच्या दोन जुन्या पोथ्यांना ना पाणी चालणार होते ना वाफ. त्या पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये पाच दिवस ठेवल्या. ग्रंथांशेजारी मटार ठेवलेले पाहून सासूबाईंनी हात जोडले. स्विचबोर्ड मेन स्विच बंद करून उघडले, कोरड्या ब्रशने झाडले, आणि औषधानंतर त्यांच्या कडा व भिंतीतील भोके पांढऱ्या सिमेंटने बुजवली. सनमायकाच्या उचललेल्या पट्ट्या फेव्हिकॉलने बसवल्या. गादी सर्व बाजूंनी बंद होणाऱ्या चेनच्या खोळीत घातली. ती खोळ वर्षभर काढायची नाही, म्हणजे आत एखादा राहिला असला तरी तो आतच संपतो.

त्यानंतर आम्ही दोघे पुन्हा त्याच पलंगावर झोपलो, आणि हे सर्वांत अवघड होते. पलंग भिंतीपासून वीतभर दूर ओढला, चादर जमिनीला लागू दिली नाही आणि पायांखाली वाट्या ठेवल्या. यामागची कल्पना अशी की ढेकणाला आपल्यापर्यंत यायचे तर औषध मारलेल्या वाटेनेच यावे लागेल. वाट्यांविषयी मात्र एक सावधगिरी आहे. गुळगुळीत भांड्यातून ढेकणाला वर चढता येत नाही असे सांगितले जाते, ते परदेशातील जातीला बऱ्याच अंशी लागू पडते. आपल्याकडची उष्ण हवेतील जात पायांवरील दाट केसांमुळे गुळगुळीत पृष्ठभागावरही चांगली चढते. म्हणून मी वाट्यांच्या आतल्या बाजूला टाल्कम पावडर चोळत असे आणि रोज सकाळी त्यात कोणी अडकले आहे का ते पाहत असे. बाल्कन प्रदेशात पूर्वी पलंगाभोवती घेवड्याची पाने पसरून ठेवत आणि पानांवरच्या आकड्यासारख्या सूक्ष्म केसांत ढेकणांचे पाय अडकत, ही युक्ती संशोधकांनी २०१३ साली तपासून खरी ठरवली. ही माहिती मी उत्साहाने सांगितली तेव्हा यजमानांनी श्रावणघेवड्याची भाजी करायला सांगितली.

एका उपायाविषयी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. वहिनींना कोणीतरी धान्यात ठेवायच्या गोळ्या खोलीत ठेवून दार बंद करा, असा सल्ला दिला होता. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याने फॉस्फीन हा विषारी वायू सोडतात. तो वायू भिंतीच्या फटींतून, नळ्यांतून शेजारच्या घरात जातो आणि झोपलेली माणसे त्याने दगावतात. घरगुती वापरासाठी त्या नाहीतच. ढेकूण ज्या वाटेने शेजारी जातात त्याच वाटेने तो वायूही जातो.

दुसरी फेरी १० ऑगस्टला ठरली होती. त्याच्या तीन दिवस आधी मी खाली भाजी घ्यायला गेले असताना वॉचमन दादा केबिनमध्ये पाठ खाजवत बसलेले दिसले. केबिनच्या कोपऱ्यात निळ्या पट्ट्यांची गादी गुंडाळून ठेवलेली होती. तिचा एक कोपरा चहाने डागलेला होता, आणि तो डाग कसा पडला हे मला ठाऊक होते. वर येऊन मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. संध्याकाळी यजमानांसह खाली जाऊन सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. “मला वाटले पावसाळी किडे असतील, मॅडम,” एवढेच म्हणाले. त्यांच्या न रागावण्याने मला अधिक अपराधी वाटले. १० ऑगस्टला आमची दोन घरे आणि ती केबिन अशा तीन जागी औषध मारले. ती गादी आम्ही सर्वांसमोर फाडून, बांधून कचऱ्याच्या गाडीत स्वतः चढवली आणि त्यांना नवी आणून दिली. सोसायटीच्या बैठकीतही मी हा विषय मांडला. आणखी दोन घरांनी बैठक संपल्यावर जिन्यात गाठून आपापली कहाणी सांगितली, हळू आवाजात.

१० ऑगस्टला आमच्या घरात सात सापडले, सगळी पिल्ले, मोठा एकही नाही. माझ्या तक्त्याप्रमाणे असेच व्हायला हवे होते, म्हणून सात हा आकडा पाहून मला पहिल्यांदा समाधान वाटले. २४ ऑगस्टच्या तिसऱ्या फेरीत पलंग पुन्हा सुटा केला. शून्य. २७ ला गणपती बसले. मुक्कामाला येणाऱ्या नणंदेला मी आधीच फोन करून सर्व हकिगत सांगितली होती आणि हवे तर हॉटेलची सोय करते असेही म्हटले होते. ती आली, दीड दिवस राहिली, आणि पहिल्या रात्री विजेरी मागून घेऊन तिने गादी स्वतः तपासली. मला राग आला नाही. मीही तेच केले असते.

वहीतील शेवटची नोंद ५ ऑक्टोबरची, म्हणजे शेवटच्या फेरीनंतर सहा आठवड्यांची आहे. एखादे अंडे राहून गेले असते तरी तोपर्यंत त्याचा मोठा ढेकूण होऊन दिसला असता, म्हणून ती तारीख मी निवडली होती. त्यानंतर दिवाळीला मुलगा आला. मी त्याला दारातच थांबवले, बॅग काळ्या पिशवीत बांधून गच्चीवर ठेवायला सांगितली, कारण ऑक्टोबरचे ऊन आता भरपूर होते. तो पायरीवर उभा राहून म्हणाला, “आई, मला तरी आत घेणार आहेस का?” मी काही बोलण्याआधी आतून सासूबाईंचा आवाज आला, “आधी त्याच्या बॅगेची शिवण बघ म्हणावं.”